मधल्या पट्टीची हवा

‘तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होतात?’ असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, ‘हवेचं गणित.’ मग समोरचा माणूस जरा मागे सरकतो. एका लग्नात तर एका बाईंनी मला बाजूला घेऊन यंदा पाऊस कसा आहे, असं हळूच विचारलं. मीही ‘बरा आहे’ म्हणून सांगून टाकलं. त्यांचं समाधान झालं आणि माझं जेवण थंड व्हायचं वाचलं.

पण ज्या हवेशी माझा संबंध आला ती आभाळातली नव्हती. सुरतेजवळ सचिन नावाच्या गावातल्या औद्योगिक वसाहतीत आमची एक छोटी कंपनी होती. कापडाच्या कारखान्यांना लागणारे पंखे, हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट, हवा धुऊन ओली करणारी यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्र बसवायच्या आधी हवा कुठून शिरेल, कुठे वळेल, कुठे रुसून बसेल, हे कागदावर काढून देणं हे माझं काम. काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. कंपनीत माझ्याशिवाय कुणाला ह्या कामाची गरज पटलेली नव्हती. साहेबांनी मला ठेवलं होतं, कारण गिऱ्हाइकाला ‘आमच्याकडे कंप्यूटर आहे’ असं सांगता यायचं.

ते काम कसं चालायचं ते साध्या शब्दांत सांगते. एखाद्या हॉलमधली सगळी हवा मनातल्या मनात लहान लहान खोक्यांत वाटायची. प्रत्येक खोक्यातल्या हवेचा वेग आणि उष्णता शेजारच्या खोक्यांवर अवलंबून असते, आणि शेजारच्यांची त्यांच्या शेजाऱ्यांवर. संगणक ह्या सगळ्या खोक्यांवरून पुन्हा पुन्हा फिरतो, प्रत्येकाची चौकशी करतो, आकडे थोडे थोडे दुरुस्त करतो. आकडे बदलायचे थांबले की उत्तर आलं म्हणायचं. अडचण एवढीच की तेव्हाच्या आमच्या संगणकात अर्धा हॉल घातला की त्याचं पोट भरायचं. मग हॉलच कापायचा. अर्धा भाग एका संगणकावर, उरलेला दुसऱ्यावर.

आता कापलेल्या कडेपलीकडे काय चाललंय, हे अर्ध्या हॉलला कसं कळणार? म्हणून आधी काहीतरी अंदाज धरायचा, दोन्ही भाग वेगवेगळे सोडवायचे, आणि मग कडेचे आकडे एकमेकांना द्यायचे. ते घेऊन पुन्हा सोडवायचं, पुन्हा द्यायचे. शिवाय काप अगदी धारेवर घ्यायचा नाही. मध्ये एक पट्टी अशी ठेवायची की ती दोन्ही भागांत येते आणि दोघंही ती मोजतात. आपलं अंगण झाडताना शेजारणीच्या अंगणातही हातभर झाडू मारावा, आणि तिनं आपल्या अंगणात मारावा, तसं. साहेबांना ही पट्टी कधीच पटली नाही. ‘एकच जागा दोनदा शाने माटे?’ असं ते दरवेळी विचारायचे. दुप्पट कामाचा त्यांना फार राग.

काप कुठे घ्यायचा, हे मात्र अनुभवानं शिकायचं असतं. सचिनमधल्याच एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं वाळवायचं यंत्र होतं, लांबलचक पेटीसारखं, आत गरम हवेचे झोत. मी नवीन होते. मोजून बरोबर मध्यावर कापलं. तिथेच नेमका सगळ्यांत जोराचा झोत होता. उत्तर असं आलं की यंत्रातून बाहेर पडणारी हवा भट्टीपेक्षाही गरम. साहेब म्हणाले, ‘हे खरं असेल तर भट्टीच काढून टाकू.’ तेव्हापासून मी एक नियम केला, की जिथे काही घडत नाही अशी शांत, रिकामी जागा बघायची आणि तिथे कापायचं.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. आमचा छापखाना म्हणजे टाइपरायटरसारखा खडखडणारा प्रिंटर. तो नुसते आकडे छापायचा. त्या कागदांवर मी रंगीत पेन्सिलींनी रंग भरायचे, गरम तिथे लाल, थंड तिथे निळा. कामरेजच्या एका पापडवाल्या शेठनी आपल्या वाळवणाच्या खोलीचा नकाशा बघितला आणि हात जोडले. ‘बेन, लाल म्हणजे नुकसान. लीलो करी आपो.’ मी सगळा लाल खोडून हिरवा केला. त्यांनी तो नकाशा चौकटीत बसवून गादीमागे लावला. मला कुठल्याही पदवीदान समारंभात इतका मान मिळालेला नाही.

पण मला सांगायचंय ते उधन्याच्या एका लूमच्या खात्याबद्दल. सुरतेत पॉवरलूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. ह्या खात्यात माझी नणंद काम करायची.

आम्ही मूळचे खानदेशातले. मी धुळ्याची, सासर अमळनेरचं. माझे यजमान सुधाकर सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांची थोरली बहीण, आमची आक्का, लहान वयात विधवा होऊन गावच्या लोकांबरोबर उधन्याला आली, बॉबिन, म्हणजे सुताच्या कांड्या, भरायच्या कामाला लागली आणि मागोमाग धाकट्या भावाला घेऊन आली. तो शिकला, प्राध्यापक झाला, त्याचं लग्न झालं, तरी हिचं काम सुटलं नाही. आम्ही तिघं एकत्र राहायचो. ‘आता घरी बस’ असं म्हटलं की ती म्हणायची, ‘घर बठीसन काय करू? तुमना तोंडे दखू?’

त्या वर्षी तिचा श्वास फार बिघडला. सुताच्या बारीक तंतूंनी भरलेल्या हवेत इतकी वर्षं काढलेली. जिना चढून आली की दाराशी उभी राहायची, चप्पल काढायला वाकायची नाही. बोलणं तुकड्या तुकड्यांत. ‘वसुधा... पाणी... दे माय.’ एवढ्या चार शब्दांत ती दोनदा थांबायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक तर काम सोडा, नाहीतर चांगल्या हवेत बसून करा. दुसरं त्यांनी बहुधा चेष्टेनं म्हटलं असावं. आक्कानं पहिलं ऐकलंच नाही. तिच्याबरोबरच्या चौघी-पाचजणी, त्यांच्या सुना, त्यांची दुखणी, सगळं जग तिचं तिथे होतं. मला भीती वाटायची. सुधाकर तर ती जिना चढायला लागली की हातातलं काम ठेवून दाराशी जाऊन उभे राहायचे.

आणि त्याच खात्याचे शेठ आमच्या कंपनीत आले. त्यांना कामगारांच्या श्वासाशी घेणं नव्हतं, हे त्यांनी लपवलंही नाही. ‘मारो दोरो तूटे छे, बेन. एनुं कंईक करो.’ उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं आणि लूमवर तुटतं. त्यांना ओली हवा हवी होती. आमच्या कंपनीचं नाव त्यांना आक्कानंच सांगितलं होतं. ती खात्यात बसून माझ्याबद्दल काय काय सांगायची हे मला नंतर कळलं. तिच्या सांगण्याप्रमाणे सचिनची निम्मी हवा माझ्या परवानगीनं वाहायची.

मी म्हटलं, ‘आक्का, मी उद्या खात्यात येते, जागा बघते.’ तर ती एकदम कडक झाली.

‘तू तठे येवू नको.’

‘का?’

‘लोके म्हणतीन... इंजिनेरनी नणंद... भुईवर बठस.’

तिला स्वतःची लाज नव्हती. तिला माझी काळजी होती, माझ्या मानाची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्या खात्याचा उंबरा ओलांडला नव्हता, तो ह्याचमुळे. आमच्या कंपनीचा एक माणूस जाऊन मापं घेऊन आला. त्यानं छान नकाशा काढून दिला. पूर्वेकडे लूमच्या रांगा, पश्चिमेकडे लूमच्या रांगा, मध्ये एक रुंद रिकामी वाट. ओली हवा पूर्वेच्या भिंतीतून येणार, पश्चिमेच्या भिंतीतले जुने पंखे ती ओढून घेणार. मला काप घ्यायला जागा शोधावीच लागली नाही. मधली वाट शांत, रिकामी. तीच मी दोघांत धरायची पट्टी ठरवली.

दोघं म्हणजे मी आणि सुधाकर. कंपनीत संगणक एकच. दुसरा त्यांच्या कॉलेजात होता, आणि विद्यार्थी घरी गेले की तो मोकळा असायचा. पूर्वेचा भाग माझ्याकडे, पश्चिमेचा त्यांच्याकडे. मधली पट्टी दोघांकडे. सचिनपासून कॉलेजपर्यंत तार काही नव्हती, म्हणून कडेचे आकडे फ्लॉपीवर घेऊन यायचे. संध्याकाळी चहाला बसलो की मी माझी फ्लॉपी त्यांना द्यायची, त्यांनी त्यांची मला. शेजारणीला वाटायचं आम्ही सिनेमाच्या गाण्यांची अदलाबदल करतो. तिनं एकदा मागूनही बघितल्या.

सुरुवातीला छान चाललं. रोज दोघांचे आकडे एकमेकांच्या जवळ यायला लागले. मग लूमच्या रांगांतले आकडे स्थिरावले आणि मधल्या पट्टीत अडलं. माझ्या संगणकाच्या मते त्या वाटेत झकास वारा. त्यांच्या मते वारा वरून, छताखालून निघून जायचा आणि खाली हवा जवळजवळ मेलेली. रोज फ्लॉप्या बदलायच्या, रोज तेच. मला झुळूक, त्यांना घुसमट.

‘तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी उणेचं अधिक झालंय,’ मी म्हटलं.

‘माझं सगळं तपासलंय. तूच बघ.’

‘अहो, मी हेच काम करते रोज. तुम्ही शिकवता.’

हे मी बोलायला नको होतं. दोन दिवस आमच्याकडे चहा मुकाट्यानं झाला. फ्लॉप्या मात्र बदलल्या जात होत्या, तेवढं धंद्याचं भान दोघांनाही होतं. आक्काला वाटलं तिच्यावरून काहीतरी बिनसलंय. ती बिचारी स्वयंपाकघरातून हळूच बघायची, आणि तिला खोकला आला की तोंडावर पदर धरायची, आमच्या भांडणात तिच्या खोकल्याची भर नको म्हणून. ते बघून माझा राग गेला. मी दोघांचे छापलेले कागद घेतले आणि जमिनीवर पसरले, मधल्या पट्टीवर मधली पट्टी येईल असे. सुधाकरही खाली बसले.

आकडे वेगळे होते ते माहीतच होतं. पण त्यांच्या पट्टीत काही खोकी पूर्ण भरीव दाखवलेली होती. म्हणजे तिथे हवा नाहीच, वस्तू आहे. माझ्या पट्टीत सगळी मोकळी.

‘हे काय आहे?’ मी विचारलं.

‘बॉबिन भरायची मशीनं. आणि त्यामागे कांड्यांच्या पेट्या, माणसाएवढ्या उंच.’

‘नकाशात नाहीत.’

‘नकाशात नसतील. पण आहेत ना. मी जातो की कधीमधी आक्काला आणायला.’ त्यांनी त्या भरीव खोक्यांच्या मधोमध बोट ठेवलं. ‘ही इथे बसते ती.’

नकाशा काढणाऱ्याला लूम दिसल्या, कारण ओली हवा त्यांनाच द्यायची होती. भुईवर बसून कांड्या भरणाऱ्या बायका त्यानं वाटेतल्या गर्दीत धरल्या. सुधाकरांनी त्या आपल्या नकाशावर पेन्सिलीनं घातल्या आणि मला सांगितलं नाही, कारण आक्का कुठे बसते हे आपल्या बायकोला माहीत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि साहेबांना जी पट्टी वाया वाटायची, ती दोघांनी मोजली नसती तर हे कळलंच नसतं. मी एकटीनं मोजली असती तर आक्कावर कागदोपत्री मस्त वारा वाहत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता खात्यात गेले. लूमचा आवाज असा की स्वतःचं नाव ऐकू येऊ नये. मधल्या वाटेत पेट्यांच्या भिंती, आणि त्यांच्या पायथ्याशी ओळीनं बायका. सगळ्यांच्या केसांवर पांढरा थर. आक्का पाठमोरी होती. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. ती वळली, मला बघितलं आणि आधी तिनं काय केलं असेल, तर आपलं बसायचं पोतं झटकून माझ्यापुढे केलं. मग तिला आपण चिडायला हवं होतं हे आठवलं.

‘काब्रं उनी तू?’

‘कामाला आलेय, आक्का. मापं घ्यायचीत.’

मी तिच्या पोत्यावर, तिच्याजवळ भुईवर बसले. तिनं डोळे मोठे केले, पण मला उठवलं नाही. मी तिच्या कांडीवरचा एक दोरा तोडून घेतला आणि काठीच्या टोकाला बांधून तिच्या तोंडासमोर धरला. ह्या धंद्यात वारा बघायची ही सगळ्यांत जुनी आणि स्वस्त रीत. दोरा सरळ खाली लोंबत राहिला, हललाच नाही. पेट्यांच्या वर धरला तेव्हा आडवा व्हायला लागला. म्हणजे वारा तिच्या डोक्यावरून चालला होता. मी टेपनं पेट्या मोजल्या, बायकांची अंतरं मोजली. ‘ह्या आमन्या इंजिनेर,’ आक्का बाकीच्या बायकांना ओरडून सांगत होती, एकेक शब्दावर थांबत. सगळ्या माझ्याकडे बघून अशा हसल्या, जशा काही मला लहानपणापासून ओळखतात. मला तिथे रडू आलं. आवाज इतका होता की ते कुणाला कळलं नसावं.

मग आम्ही दोघांनी पट्टीत तीच मशीनं, त्याच पेट्या, तीच माणसं घातली. काही संध्याकाळींत आकडे जुळले. मी ओल्या हवेच्या डक्टला एक फाटा काढला, मधल्या वाटेत खाली आणला आणि बसलेल्या माणसाच्या उंचीवर त्याला जाळी दाखवली. पुन्हा मोजलं. ह्या वेळी दोघांकडेही झुळूक आली, तेवढीच, तिथेच. सुधाकरांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘मी शिकवतो, तरी बरोबर आलं.’

नकाशा घेऊन शेठकडे गेले. त्यांनी तो फाटा बघितला, पत्रा किती लागेल ते मनात धरलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘बेन, साचुं कहेजो. तमारां नणंद त्यां बेसे छे, एटले जाळी त्यां आवी?’

माझे कान गरम झाले. कारण प्रश्न खोटा नव्हता. तिथे आक्का बसत नसती तर मी ती जागा इतक्या बारकाईनं बघितली असती का, मला माहीत नाही. नाही म्हटलं तर लबाडी, हो म्हटलं तर फाटा गेला, आणि त्याबरोबर आक्काची हवाही. मी म्हटलं, ‘हो शेठ, माझी नणंद तिथे बसते. तुमचं सूतही तिथेच बसतं. भरलेल्या कांड्या तिच्या शेजारी दिवसभर पडून असतात, गरम मेलेल्या हवेत. तिथे वाळतात आणि मग लूमवर तुटतात. चला, दाखवते.’

ते माझ्याबरोबर आले. दोरा मी त्यांच्याच हातात दिला. पांढरंशुभ्र धोतर सावरत ते आक्काच्या पुढ्यात उकिडवे बसले, कदाचित त्या खात्यात पहिल्यांदाच. दोरा लोंबत राहिला. त्यांनी तो हलवून बघितला, पुन्हा धरला. शेजारची कांडी उचलून बोटांत सूत चोळलं. आक्का श्वास रोखून बसली होती. तेवढ्या वेळात शेठना तिथली हवा बाधली असावी, त्यांना ठसका लागला. आक्कानं आपला पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन ते उठले.

‘सारुं. मूको जाळी.’

एवढंच बोलले. पत्र्याचे पैसे मात्र शेवटपर्यंत कुरकुरत दिले.

त्यानंतर मी पुष्कळ हॉल कापले. पुढे यंत्रं मोठी झाली, कापायचं कामही संगणकच करायला लागला. नव्या मुलांना काप कुठून गेला हे ठाऊकही नसतं. उत्तरं आमच्यापेक्षा चांगली येतात, हे कबूल करते. तरी अजून कुणी रंगीत नकाशा दाखवला की माझी नजर आधी त्यातल्या रिकाम्या जागांवर जाते आणि मी विचारते, इथे कोण बसतं? मुलं हसतात. रिटायर झालेल्या बाईला एवढं चालायचंच.

आक्काचा दमा काही गेला नाही. छातीत साचलेलं कुठल्या डक्टनं निघत नाही. औषध कायम राहिलं.

पण जाळी बसल्यावर काही आठवडे गेले असतील. संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. जिन्यावर पावलं वाजली, सुधाकर सवयीनं उठून दाराशी गेले. आक्का आली. चप्पल काढायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच सुरू झाली, की ही कसली जाळी बसवली, कानात गार वारा घुसतो, कानाला बांधून बसावं लागतं, आणि त्या पलीकडच्या रांगेतल्या दोघी आता हिच्याच शेजारी येऊन बसतात, पाय पसरायला जागा उरली नाही, आणि हे सगळं इंजिनेरबाईला आधी कळायला नको होतं का, एवढं शिकून उपयोग काय. चप्पल काढून ती सरळ झाली, तरी बोलतच होती, आत आली, पदरानं तोंड पुसलं, तरी बोलतच होती. मध्ये एकदाही थांबली नाही.

सुधाकर दाराशी तसेच उभे होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं मला गप्प राहायची खूण केली. त्यांचे डोळे भरून आले होते. मग आम्ही दोघांनी तिचं रागावणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.